ताईच्या फायलीत नसलेलं पान

माझ्या भाचीले मी मारलं.

एकट्यानं नाही. पण माझा हात होता.

आज वर्ष झालं. नाव ठेवायच्या आधीच गेली. फोटोही नाही तिचा.

मी अकोल्यात, जुन्या शहरातल्या एका लॅबमध्ये टेक्निशियन. मोठी ताई शेंदूरजनाघाटले दिलेली. चौथ्या महिन्यात चेकअपले माहेरी आली, तं रक्त मीच घेतलं.

"माशी तं मारवत नाही रे तुले, सुई काय मारशीन!" ताई हसली.

सिफिलिसची, म्हणजे गुप्तरोगाची, टेस्ट पॉझिटिव्ह आली.
पुन्हा लावली. पुन्हा तेच.

इलाज सोपा असते हो. नवरा-बायको दोघांनीही वेळेवर इंजेक्शन घ्यायचं. बाळ वाचते.

पण सख्ख्या बहिणीले हे कोणत्या तोंडानं सांगू? मी रिपोर्ट भाऊजींच्या हातात दिला. सगळं समजावलं.

भाऊजींनी वाचला. घडी केली. खिशात टाकला.
"मी पाहतो. तिले टेन्शन नका देऊ."

जवायाले उलटून कोण विचारते? गप बसलो. लॅबमध्ये पेशंटले खडसावणारा मी!

सातव्या महिन्यात ताई बाळंतपणासाठी आमच्याकडे आली. मी फाईल चाळली. सोनोग्राफी होती, शुगर होती. तेवढं एक पान नव्हतं.

झाली असतील इंजेक्शनं, असं मीच मले समजावलं.

"मामाचा आवाज आला की लाथा मारते बरं हे," ताई म्हणे.

मग एका सकाळी लाथा थांबल्या.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "ही सिफिलिसची टेस्ट आधी केली नव्हती का?"

"केली होती. माह्या भावानंच केली," ताई म्हणाली. "सगळं चांगलं आहे म्हणाले हे."

आणि तिनं माझ्याकडे पाहिलं.
मी खाली पाहिलं. तिले समजलं.

ताईचा इलाज झाला. फारकतही झाली. भाऊजींनी अजून टेस्ट केली नाही.

आता त्यांच्यासाठी दुसरी पोरगी पाहून राहिले म्हणे.

काल ताईच म्हणाली, "लिही. माह्या अब्रूचं मी पाहीन. त्या पोरीच्या घरचं कोणी तरी वाचंन. आता तरी गप नको बसू."

म्हणून लिहिलं. वाचलं असंन तं त्या घरी पोहोचवा.

जाय माय. तुह्या मामानं तोंड उघडलं, पण तुह्यासाठी नाही उघडलं.
मामाले माफ नको करू.