बिनपंख्याची वरात

गाडीचा पंखा मी काढला होता. मित्राच्या वरातीत ती भर बाजारात उकळून बंद पडली तेव्हा मी दोष पेट्रोलला दिला. आणि ते पेट्रोल मित्राच्या थोरल्या भावानं स्वतः जाऊन आणलेलं होतं. एवढं कबूल करायला मला पाच वर्षं लागली.

गाडी विलायती, दोन माणसांची, उघडी, हिरव्या रंगाची. वयानं माझ्याहून थोडीशीच लहान. मुंबईतले एक गृहस्थ कायमचे परदेशी निघाले होते, त्यांच्याकडून मी ती घेतली. भिवंडीच्या निजामपुऱ्यात आमचा लूमचा कारखाना होता. त्याच्या मागच्या पत्र्याच्या शेडमधून सुताची पोती बाहेर गेली आणि गाडी आत आली. वडिलांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "दोन सीटं? घरात आपण नऊ माणसं आहोत." पुढं ते गाडीविषयी काहीच बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

मित्र काल्हेरचा, खाडीकाठच्या शेतीवाल्या घरातला. तो मला चिडवायला 'शेठ' म्हणायचा. दर रविवारी आम्ही दोघं शेडमध्ये गाडीखाली आडवे असायचो. इंजिनचं हेड घासून घेतलं, सायलेन्सर बदलला, मागचे स्प्रिंगचे पाटे कडक करून घेतले. मग चाचणीसाठी वज्रेश्वरीच्या रस्त्यानं अकलोलीपर्यंत सुटायचं, तिथल्या गरम पाण्याच्या कुंडात डुंबायचं आणि परत यायचं. पाटे कडक केल्यापासून त्या कुंडाची आमच्या कमरांना खरोखरच गरज पडू लागली होती. पण त्या वळणांवर गाडी अशी रस्त्याला चिकटून जायची की मित्र ओरडायचा, "शेठ, अजून दाब! म्हशी बाजूला झाल्यात!"

कल्याणच्या पलीकडे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली विमानांची धावपट्टी ओस पडली होती. अधूनमधून गाडीचे शौकीन तिथं जमायचे. रिकामे पिंप आणि पेंढ्याचे भारे मांडून वळणं करायचे आणि शर्यत लावायचे. आम्हीही जायचो. आमचा नंबर कितवा ते लोकांना विचारावं लागू नये म्हणून शेवटचा कोण आला एवढंच पाहायचो. बहुतेक वेळा आम्हीच असायचो.

तिथंच एकानं मला सांगितलं, "पंखा काढून टाका. तो फिरवण्यात इंजिनची ताकद जाते. गाडी पळत असली की वारा समोरून येतोच, रेडिएटर थंड राहतो." ते माझ्या डोक्यात बसलं.

त्याच सुमारास मित्राचं लग्न ठरलं. मुलगी भिवंडीचीच होती. तो म्हणाला, "शेठ, एकच मागणं हाय. वरात ह्याच गाडीतनं काढायची. तोवर तिला पाना लावायचा न्हाय."

"नाही लावत," मी म्हणालो. गणपतीची शपथसुद्धा घेतली.

लग्नाच्या आधीच्या रविवारी धावपट्टीवर शर्यत होती. मित्र पत्रिका वाटत फिरत होता. मी एकटाच गेलो, आणि जाण्याआधी पंखा काढला. मी चौथा आलो. गाड्या सहा होत्या आणि त्यातली एक सुरूच झाली नाही, पण चौथा तो चौथा. परतताना मोकळ्या रस्त्यावर गाडी दामटली, तरी पाण्याचा काटा जागचा हलला नाही. मी ठरवून टाकलं की पंखा म्हणजे निव्वळ शोभेची वस्तू. वरातीत तर गाडी रांगतच जाणार, म्हणजे इंजिनला आरामच. पंखा शेडमध्ये पडून राहिला.

आता मित्राच्या थोरल्या भावाबद्दल सांगायला हवं. त्यांना सगळं गाव दादा म्हणायचं. काल्हेरात कुणाचंही लग्न असो, मांडवाचे बांबू दादा आणणार, मासळी दादा निवडणार, रुसलेल्या मामाची समजूतही दादाच काढणार. त्यांना स्वतःच्या घरच्या लग्नाला पोचायला उशीर झाला असता, पण दुसऱ्याच्या लग्नाला कधी झाला नाही. पेट्रोल तेव्हा नुकतंच भलतं महागलं होतं. तरी लग्नाच्या सकाळी दादा डबा भरून घेऊन आले आणि म्हणाले, "भावाच्या वरातीचं पेट्रोल माझं. पुरं वत, हात आखडू नको."

लग्न लागलं. सीटांमागं दुमडलेल्या हूडच्या जागी गादी घालून नवरा-नवरीला वर बसवलं, मी स्टिअरिंगवर. पुढं बँड, त्याच्या पुढं नाचणारी मंडळी. ती चार पावलं पुढं जायची आणि तीन पावलं मागं यायची. त्यांच्यामागं माझी शर्यतीची गाडी. बाजारात शिरलो तेव्हा काटा वर जाऊ लागला. निजामपुऱ्याच्या तोंडाशी, भर बाजारातच तो टोकाला टेकला. वारा समोरून येतोच, हे वरातीला कुणी सांगितलं नव्हतं.

बॉनेटमधून पांढरा लोट उठला. पोरांना वाटलं हाही वरातीतलाच प्रकार, त्यांनी टाळ्या वाजवल्या. गरम पाण्याचा फवारा उडाला तसा क्लॅरिनेटवाला सूर न सोडता बाजूला उडाला. इंजिन दोनदा खोकलं आणि गप्प झालं. लूमची शिफ्ट सुटलेला एक कामगार ओरडला, "अरे भाई, इंजन में चाय बन रही है क्या?"

गाडी ढकलायला सगळ्यात आधी दादा धावले, फेट्यासकट. तेवढ्यात नवऱ्याचा मामा माझ्यावर खेकसला, "काय झालं रे? वरातीला डबडं आणलंस काय?"

गादीवरून मित्र मुंडावळ्या बाजूला सारून माझ्याकडेच बघत होता. शपथ त्याच्यापुढंच घेतलेली. माझ्या तोंडून निघालं, "पेट्रोलमध्ये रॉकेल असणार. त्यानंच तापलं."

मामानं विचारलं, "पेट्रोल कुणी भरलं?"

सगळे दादांकडे बघत होते.

"मी स्वतः हुबा राहून भरलंय," दादा म्हणाले. "चोख हाय."

"महागाई हाय बाबा," मामा म्हणाला. "थोडं हे, थोडं ते!"

लोक हसले. दादाही हसले आणि पुन्हा गाडी ढकलू लागले. नवरा-नवरीची वरात माणसांच्या जोरावर पुढं गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गुपचूप पंखा बसवून टाकला.

मला वाटलं होतं, आठ दिवसांत लोक विसरतील. पण आठ दिवसांत दादांचं नाव 'रॉकेलदादा' झालं. पुढच्याच लग्नात कुणीतरी विचारलं, "दादा, चूल पेटवायला काडी लागंल का तुम्ही नुसता हात लावाल?" दादा त्या पंपावर जाऊन भांडले, तर पंपवाल्यानं आपल्या पोरांची शपथ घेतली. मग ते माझ्याकडे आले. "तुला इंजिनातलं कळतं," म्हणाले. "खरंच रॉकेल होतं?"

तेव्हा बोलता आलं असतं. मी म्हणालो, "असेल थोडं." त्या 'थोडं'ची मला आजही लाज वाटते.

हळूहळू दादा लग्नांत मागं राहू लागले. बांबू दुसरे लोक आणू लागले. दादा अक्षता टाकायचे आणि चप्पल शोधायचे. मी मात्र गाडी सुधारतच राहिलो, एकदा तिसराही आलो. पण गाडी सुरू केली की दादांचं तोंड आठवायचं. मित्राला काही कळलं नाही, किंवा त्यानं तसं दाखवलं नाही.

मग दादांच्या थोरल्या मुलीचं लग्न ठरलं. मित्र सांगायला आला तेव्हा उदास होता. "दादा म्हणतो, खरेदी तू कर, मांडव तू बघ. माझ्या हातचं काय नको, लोक पोरीच्या सासरच्यांसमोर हसतील. स्वतःच्या पोरीच्या लग्नात कोपऱ्यात बसणार हाय तो."

हळदीच्या दिवशी मी काल्हेरला गेलो. मांडवात बायका गाणी म्हणत होत्या. दादा खरोखरच कडेच्या खुर्चीवर बसले होते. मी जवळ जाऊन हळूच म्हणालो, "दादा, त्या वरातीत पेट्रोल चांगलं होतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "मला कशाला सांगतोस? मला ठावं हाय, मीच भरलेलं." आणि मांडवाकडे बोट केलं. "त्यांना सांग."

मी मांडवाच्या मधोमध जाऊन उभा राहिलो. गाणं थांबलं. मी म्हणालो, पंखा मी काढला होता. एका म्हातारीनं विचारलं, "कसला पंखा? छताचा?" दुसरी म्हणाली, "गाडीला पंखा कनाला, उघडी तर हाय!" मांडव हसला. मला रेडिएटर, पाणी, वारा, सगळं समजावून सांगावं लागलं, आणि घाम असा फुटला होता की माझंच इंजिन उकळतंय असं वाटत होतं. मित्र हळदीचं ताट हातात घेऊन उभा होता. "शेठ, पाना लावलास?" एवढंच म्हणाला. मी मान हलवली.

मग सगळ्यांसमोर, मामा बसला होता तिकडेही ऐकू जाईल अशा आवाजात, मी म्हणालो, "दादांचं पेट्रोल चोख होतं. शपथ मी मोडली, खोटं मी बोललो, आणि दादांनी विचारलं तेव्हाही बोललो. दादा, तुमचं नाव माझ्यामुळं गेलं. मला माफ करा."