ओहोटीत उभा राहिलेला फ्लोट

भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की उठून जाणारा माणूस मी. नोकरी जमीन मोजणीची. जे मोजता येत नाही त्यावर विश्वास नाही. तरी हे लिहितोय, कारण तोंडाने सांगायला आता ऐकणारं कोणी उरलेलं नाही...

मालवणच्या उत्तरेला, कोळंबची खाडी समुद्राला मिळते तिथले खडक. मी आणि माझा मित्र सुहास दर रविवारी तिथे गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, जायचो. हलका रॉड, बारीक तंगुसाची दोरी, पाण्यावर तरंगणारा बोटभर फ्लोट, गरीला सोललेली कोळंबी. वीतभर तांबोशी मिळाली तरी आम्ही खूश. बारा वर्षं असं चाललं. मग सुहास त्या जागेवर पर्यटकांना आणू लागला. मला न विचारता. मासळी बाजारात, चारचौघांत, मी त्याला म्हणालो, "जा, मर थंयच."

त्या रविवारी मी गेलो नाही. तो एकटाच गेला. दुपारी खडकावर त्याचा रॉड आणि चपला मिळाल्या — तो नाही.

तीन दिवस होड्या बाहेरच्या समुद्रात फिरल्या. ओहोटी सगळं बाहेरच नेते ना. चौथ्या दिवशी सकाळी मी रॉड घेऊन गेलो. मासे धरायला नव्हे... फ्लोट सोडून पाणी नेमकं कुठे ओढतंय ते बघावं, एवढंच डोक्यात.

फ्लोट वाहत निघाला आणि एका काळ्या खडकापाशी थांबला. बाजूने फेस, पानं, प्लास्टिकची बाटली भरभर जात होती. वाटलं, गरी अडकली. गुंडाळलं तर सहज आलं, कोळंबीही शाबूत. दहा पावलं सरकून पुन्हा टाकला. प्रवाह आडवा कापत तो तिथेच जाऊन उभा राहिला. मग मी गरी आणि शिशाची गोळी कापून टाकली. खाली वजन नसलं की फ्लोट पाण्यावर आडवाच पडतो. तिसऱ्यांदाही तो तिथे, ताठ उभा.

सर्जेकोटच्या धक्क्यावरून बुडी मारणाऱ्या रामा तांडेलांना आणलं. "थंय दोनदा बघून झाला," ते म्हणाले. तरी कमरेला दोर बांधून उतरले. वर आले, कमरेचा दोर सोडला. म्हणाले, "कपारीत आसा. दोर धर."

बाराव्याला सुहासच्या घरी गेलो. मंगलवहिनींनी बसायला सांगितलं नाही.

"तीन दिस अख्खो गाव सोदी होतो, भावजी. तुमकाच कसो गावलो?"

"फ्लोट थांबलो थंय."

"फ्लोट." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "बाजारात तुमी काय बोललात, ता माका लोकांनी सांगला."

मी चपला घातल्या.

पोलिसांनीही तेच विचारलं, दोनदा. शेवटी कागदावर 'पाय घसरून बुडून मृत्यू' आलं. गाव कागद वाचत नाही. वहिनी रस्त्यात दिसल्या की पलीकडे जातात.

नंतर त्याच जागी, तशाच ओहोटीला, तोच फ्लोट मी कितीदा सोडून पाहिला. आडवा पडतो आणि सरळ बाहेर जातो. सुहास मला सापडावा म्हणून तो थांबला, की मी लोकांच्या संशयात सापडावं म्हणून... ते कळलेलं नाही.