मामाचे घुंगरू

बंगालात माणसं भुकेनं मरत होती. त्यांच्या मदतीसाठी गोंदियाच्या रेल्वे कॉलनीतल्या मद्रासी मंडळींनी नाचाचा कार्यक्रम ठेवला. नाचणाऱ्या पाच मुलींत चार त्यांच्या, पाचवी मी, धानवाल्या शेतकऱ्याची पोर. त्यांच्यातल्याच, आमच्या शेजारच्या अम्मांनी दोन वर्षं मला भरतनाट्यम शिकवलं होतं, तेही दार लावून. त्यांनी स्वतः नाचापायी सासरचे थोडे का टोमणे खाल्ले होते! एकच घोकून घ्यायच्या, "ये पूजा है, तमाशा नहीं."

आई उखडलीच. "भल्या घरची पोरगी नाचते काय? उद्या हिले कोन करन?"

तिला वळवलं माझ्या मामानं. मामा नवेगावकडचा, दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरते, तिथल्या दंडारीच्या खेळात बाईचं सोंग घेऊन नाचणारा. "नाचनं का चोरी हाय, बाई? मी बसतो ना समोर," म्हणाला. कार्यक्रमाच्या दिवशी स्वतःचे घुंगरू त्यानं माझ्या पायात बांधले.

बसलाही समोरच, साहेबांच्या बायकांशेजारी, कोरं धोतर नेसून. माझा नाच रंगात आला आणि मामा उठला. दंडारीत नाच आवडला की रुपया ओवाळतात, मग नाचणारं आपल्याच घरचं का असेना. तसा तो सरळ मंचावर चढला, माझ्यावरून रुपया ओवाळला आणि ओरडला, "वा रे पोरी!"

मागून कुणी शिट्टी मारली. सगळे हसले. अम्मांचं गाणं थांबलं. ज्या एका गोष्टीला त्या जन्मभर भ्यायल्या, तीच भर सभेत झाली होती. मामा मात्र रुपया पुढे धरून हसतच उभा.

"कौन है ये आदमी?" अम्मांनी मला विचारलं.

आता अम्मा मला काढून टाकणार, एवढंच डोक्यात आलं. "मालूम नहीं," मी म्हणाले. जळलं मेलं तोंड माझं!

दोघांनी दंड धरून त्याला खाली नेलं. अम्मांनी गाणं पुन्हा धरलं आणि मी नाचले. चांगली नाचले, हेच तर सलतं.

घरी पोचले तोवर मामा गावी निघून गेला होता. आईला एवढंच सांगून गेला, "पोरगी बेस नाचली."

घुंगरू मामाला परत नेऊन द्यायची माझी छाती झाली नाही. दिवाळी उलटली, मंडईला आईनं मला ओढतच नेलं. दंडार उभी राहिली आणि मामा लोकांत बसलेला.

"काऊन गा, यंदा नाचून नाही राहिला?" कुणी विचारलं.

मामानं माझ्याकडे पाहिलं. "घुंगरू हरवले," म्हणाला.