पुस्तकातली बाई

व्हर्नेटा पुलियम दुसऱ्यांदा नापास झाली त्या दिवशी ती परीक्षा केंद्रातून बाहेर आली, गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडलं आणि सरळ कामावर गेली. रडली नाही, कुणाला फोन केला नाही. हीटर लावायचा राहिला होता, हे अर्ध्या वाटेत स्टिअरिंगवरची बोटं वळेनात तेव्हा तिच्या ध्यानात आलं. तरीही तिनं तो लावला नाही. आता काय, पोचलोच, असं तिला वाटलं.

तेव्हापासून हे असंच चाललं होतं. हसायच्या जागी ती हसायची. ताटातलं संपवायची, पण काय खाल्लं हे विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. तिची लेक जोनेल अकरावीत होती. पोरीला शाळेतून यायला उशीर झाला की पूर्वी व्हर्नेटाच्या पोटात गोळा यायचा. कुणाच्या गाडीत बसली असेल, रस्ता निसरडा आहे, चालवणारं पोरगं स्वतःच कालपरवा गाडी शिकलेलं. आताही ती तितकेच फोन करायची आणि तेच प्रश्न विचारायची, पण पोटात काहीच व्हायचं नाही. काळजीची नुसती सवय मागे राहिली होती.

सिरॅक्यूज शहराच्या दक्षिण भागातल्या एका डायलिसिस केंद्रात तिची ऐन उमेदीची वर्षं गेली होती. आधी ती टेक्निशियन होती. रुग्णांच्या दंडात सुया घालायच्या, मशीन लावायचं, पाय गारठले तर पांघरूण सारखं करायचं. मग संध्याकाळच्या वर्गांना जाऊन तिनं सोशल वर्कची मास्टर्स पदवी घेतली आणि त्याच केंद्रात त्याच माणसांची सोशल वर्कर झाली. पण पदवीवर भागत नाही. राज्याची परीक्षा द्यावी लागते, मग परवाना मिळतो. तोवर ती तात्पुरत्या परवान्यावर होती आणि तो हिवाळ्याबरोबर संपणार होता.

"नेट, मी तुला ठेवायला एका पायावर तयार आहे," केंद्राची व्यवस्थापक डोरीन कझमारेक म्हणाली. "पण राज्य सरकार काही माझा मेहुणा लागत नाही. परवाना नाही तर खुर्ची नाही."

"आणि परत टेक्निशियन म्हणून?"

"ती जागा भरली. तुलाच माहीत आहे. तूच त्या मुलीला शिकवलंस."

व्हर्नेटा हसली, कारण तिथं हसायचं असतं.

खुर्चीचं तिला फारसं काही वाटत नव्हतं. गाठ बसली होती ती मिस्टर अल्विनपाशी.

मिस्टर अल्विन टिडवेल आठवड्यातून तीनदा सकाळी यायचे आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचे. आयुष्यभर चिनीमातीच्या ताटांच्या कारखान्यात काम केलेला माणूस. कुणाकडे जेवायला गेले तर आधी ताट उलटं करून मागचा शिक्का बघायचे आणि मगच वाढून घ्यायचे. बायको गेलेली, मूलबाळ नाही, एक भाची तिकडे क्लीव्हलंडला. गेल्या शरद ऋतूत एका सकाळी व्हर्नेटा त्यांच्याजवळ स्टूल ओढून बसली तेव्हा ते खिडकीकडे बघत म्हणाले, "पोरी, मला आता हे थांबवायचंय."

मशीन थांबवलं की पुढे काय होतं, हे त्या हॉलमधल्या प्रत्येक खुर्चीला ठाऊक असतं. ते कुणी बोलून दाखवत नाही.

केंद्राचा नियम असा, की हे बोलणं पक्का परवाना असलेल्या सोशल वर्करनंच करायचं. म्हणून डोरीननं दुसऱ्या शाखेतून मिसेस हॉलिस्टरना बोलावलं. त्या आल्या, खुर्ची जवळ घेऊन बसल्या, आणि मिस्टर अल्विन घोरायला लागले. दुसऱ्या खेपेलाही घोरले.

"झोपेचं सोंग घेता म्हणे," व्हर्नेटा त्यांना म्हणाली.

"मग काय करू? ती माझ्याकडे बघताना मान अशी कलती करते, जसं मी पेटीत सोडून दिलेलं कुत्र्याचं पिल्लूच आहे."

"चांगल्या आहेत त्या, मिस्टर अल्विन. त्यांच्या हाताखाली मी शिकलेय."

"असेल. पण मरणाचं बोलणं मी अनोळखी बाईशी करणार नाही. माझ्या दंडातली पहिली सुई तू घातलीस. तुझा परवाना येऊ दे, मग तू आणि मी बोलू. तोवर मी येत राहतो."

"ही धमकी समजू का?"

"वायदा समज," ते म्हणाले आणि मग खरोखरच झोपले.

तेव्हा तिची पहिली परीक्षा व्हायची होती. नंतर ती नापास झाली, पुन्हा एकदा नापास झाली, आणि मिस्टर अल्विन शब्दाला जागून येत राहिले. प्रत्येक वेळी विचारायचे, "काय गं, झालं का?" आणि ती नकारार्थी मान हलवायची. ती नापास होत होती तोवर ते येत होते. ती पास झाली की ते थांबणार होते. आणि कायमचीच नापास झाली, तर हे बोलणं मिसेस हॉलिस्टरच्या वाट्याला जाणार होतं, आणि ते तसेच घोरत, न बोलता, जीव नकोसा होऊन येत राहणार होते. यातलं नक्की काय नको आहे, याचा विचार करायला ती बसायची आणि उठून भांडी घासायची.

संध्याकाळी जेवणं झाली की जोनेल सरावाचं पुस्तक उघडायची. आईची परीक्षा घेण्यात तिला शिक्षिकेची ऐट यायची.

"ऐक. थंडीचे दिवस आहेत. एक म्हातारे गृहस्थ सोशल वर्करकडे येतात. अंगात पातळ कोट. घरातलं गरम हवेचं यंत्र बंद पडलंय म्हणतात. सोशल वर्करनं सर्वात आधी काय करावं? अ, त्यांना कोट मिळवून द्यावा. ब, घरमालकाला जाब विचारावा. क, त्यांच्या एकंदर परिस्थितीबद्दल त्यांना आणखी विचारावं. ड, वरिष्ठांचा सल्ला घ्यावा."

"कोट."

"मम्मा!"

"काय मम्मा? बाहेर काय पडतंय बघ जरा."

"पुस्तकात काही पडत नाही! पुन्हा कोट. काल सँडविच, परवा गाडीनं घरी सोडून आलीस. उत्तर क आहे. नेहमी आधी विचारायचं."

"मी विचारत बसेपर्यंत तो गारठून मरेल."

"तो मरणार नाही. तो प्रश्नातला माणूस आहे."

व्हर्नेटानं पुस्तक ओढून बघितलं. क होतं. तिच्या सगळ्या चुका अशाच होत्या. नियम पाठ होते, थिअरी पाठ होती. पण प्रश्नात 'सर्वात आधी' हे शब्द आले की तिचा हात कामाला धावायचा. इतकी वर्षं माणसाच्या अंगाला हात लावून काम केलेलं. टेक्निशियनच्या कामात आधी विचारत बसलं तर रक्त जमिनीवर येतं.

"असं कर," जोनेल म्हणाली. "एक बाई आहे असं समज. पुस्तकातली बाई. तिच्याकडे गाडी नाही, पाकीट नाही, कपाटात जास्तीचा कोट नाही. तिला वेळच वेळ आहे. ती नुसती बसते आणि विचारते. प्रश्न आला की तू उत्तर देऊ नकोस, तिला देऊ दे."

"तिला मुलं आहेत?"

"नाहीत."

"तरीच निवांत आहे."

जोनेल खो खो हसली. मग आईकडे बघून थांबली. "मम्मा, तू बरी आहेस ना?"

"बरी आहे. पुढचा प्रश्न वाच."

पुस्तकातली बाई व्हर्नेटाला फार लवकर जमली, आणि त्याचं तिला जरा आश्चर्य वाटलं. त्या बाईलाही काही वाटत नसे. कुणी रडलं, कुणी ओरडलं, तरी ती एकाच सुरात विचारायची, तुम्हाला हे कधीपासून होतंय? सरावात उत्तरं बरोबर यायला लागली.

परीक्षेच्या आधीच्या रविवारी चर्चमध्ये प्रार्थनेच्या मागण्या सांगायची वेळ झाली. व्हर्नेटा गप्पच बसली होती, पण मंडळीतली सिस्टर ओडेसा पहिल्या बाकावरून उठलीच. टोपी सावरून तिनं हात वर केले. "प्रभू, आपल्या व्हर्नेटाची परीक्षा आहे. तीच ती, प्रभू. तुला माहीत आहे कुठली."

"तोंडपाठ झाली असेल आता त्याला!" मागून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले आणि मग सगळ्यांनी मनापासून आमेन म्हटलं. नंतर तळघरातल्या जेवणात तिच्या ताटात मॅकरोनी-चीजचा जास्तीचा डाव पडला. तिनं तो खाऊन टाकला.

परीक्षा केंद्रात खिसे उलटे करून दाखवायचे, बाह्या वर करायच्या, चष्मा काढून द्यायचा आणि बघून झाला की परत घ्यायचा. आजूबाजूला लोक ओठांतल्या ओठांत शेवटची घोकंपट्टी करत होते. ती करत नव्हती. ती संगणकाच्या पडद्यासमोर बसली आणि पुस्तकातल्या बाईला पुढे केलं. बाईनं हळूहळू, एका चालीत उत्तरं दिली.

अर्ध्याच्या पुढे एक प्रश्न आला. भान आणि समज शाबूत असलेला एक वृद्ध रुग्ण आपले उपचार बंद करायचे म्हणतो. सोशल वर्करनं सर्वात आधी काय करावं?

असाच एक मागच्या खेपेलाही आला होता. तेव्हा तिनं नातेवाइकांना बोलावून त्याची समजूत घालावी, हे उत्तर निवडलं होतं. चुकून निवडलं की मुद्दाम, हे तिचं तिला सांगता आलं नसतं. आज बरोबर उत्तर तिला लख्ख दिसत होतं. माणसाच्या मनात काय आहे, काय समजून तो हे म्हणतोय, ते त्याला विचारावं. त्या पर्यायावर नेऊन तिनं माउसचा बाण थांबवला. एका प्रश्नानं काही होत नाही. पण असे दहा सोडले, तर मिस्टर अल्विन पुढच्या आठवड्यात येतील, त्याच्या पुढच्याही. खिडकीकडे तोंड करून बसतील, विचारतील, काय गं, झालं का?

त्या विचारानं छातीत काहीतरी हलेल म्हणून तिनं वाट बघितली. शेजारच्या टेबलावरचा माणूस खोकला. काही हललं नाही. तिनं बरोबर उत्तर दाबलं आणि पुढच्या प्रश्नावर गेली.

शेवटी पडद्यावर 'उत्तीर्ण' आलं. तिनं ते दोनदा वाचलं, कारण एकदाच वाचून उठणं बरं दिसलं नसतं.

परवान्याची कागदपत्रं झाल्यावर डोरीननं केक आणला. त्यावर इंग्रजीत लिहिलेल्या तिच्या नावातल्या दोन 'टी'पैकी एक उडाला होता. "दुकानदार आम्हा पोलिश लोकांतला नाही, त्यामुळे मी जबाबदारी घेत नाही," डोरीन म्हणाली आणि तिला गच्च मिठी मारली. हॉलमधल्या टेक्निशियन मुली मशीनच्या आडून टाळ्या वाजवत होत्या. मिस्टर अल्विनचा सुयांचा हात हलवायचा नव्हता. त्यांनी दुसऱ्या हातानं मांडीवर थापा मारल्या.

"झालीस एकदाची," ते म्हणाले. "आज केक खा. आपण परवा बोलू."

ठरल्याप्रमाणे तिसऱ्या दिवशी ती आली. खुर्चीभोवतीचा पडदा ओढला आणि स्टुलावर बसली. तिच्या तोंडात तीन वाक्यं तयार होती. तुमची खुर्ची बदलून बघू. डॉक्टरांना औषध बदलायला सांगू. वसंत तर येऊ द्या. तिन्ही तिनं गिळली.

"थांबवायचं म्हणता, म्हणजे तुमच्या मनात काय आहे, मिस्टर अल्विन?"

त्यांनी तिच्याकडे बघितलं. "हे तुला शिकवलेलं आहे ना?"

"हो."

"बरं विचारलंस पण. इतक्या दिवसांत सगळ्यांनी मला समजावलं. विचारलं कुणी नाही." मग ते बोलायला लागले. इथून गेल्यावर तो दिवस झोपेत जातो. दुसरा दिवस उद्या परत जायचंय यात जातो. अन्नाला नाण्यांची चव लागते. ते चिडून बोलत नव्हते, थकूनही नाही, हिशेब मिटवल्यासारखं बोलत होते. भीती वाटते का, तिनं विचारलं. थोडी, म्हणाले. दुखेल का याची. दुखू देणार नाहीत, त्यासाठी कोण घरी येईल, कसं येईल, ते तिनं सांगितलं. मन खचल्यामुळे म्हणताय का, हेही विचारलं, सरळ. त्यावर त्यांनी बराच वेळ विचार केला आणि नाही म्हणाले.

"डॉक्टरही तुम्हाला हेच विचारतील. आणि मन कधीही बदलता येतं. शेवटच्या दिवशीसुद्धा."

"माहीत आहे. तुला काय वाटतं?"

पुस्तकातली बाई यावर उत्तर देत नाही. ती प्रश्न परत माणसाकडे वळवते. व्हर्नेटानं तसं करायला तोंड उघडलं आणि म्हणाली, "मला काही वाटतच नाहीये, मिस्टर अल्विन. बरेच दिवस झाले."

"हं," ते म्हणाले. "मला वाटलं, ते फक्त या खुर्चीत बसणाऱ्यांना होतं."

मशीन वाजलं. टेक्निशियन मुलगी पडद्याआत आली, नळीची घडी सोडवली आणि आवाज बंद करून निघून गेली.

"डॉक्टर हो म्हणाले तर या शनिवारनंतर नको," ते म्हणाले.

"बरं."

"माझ्या भाचीला तू सांग. ती तुझं ऐकेल."

"नाही. तिला तुम्हीच सांगायचं. मी शेजारी बसते."

"रडेल ती."

"रडेल."

त्यांनी होकारार्थी मान हलवली. एका हातानं त्यांना नंबर लावता येत नव्हता. तिनं लावून दिला आणि फोन त्यांच्या कानाशी धरला. तिकडे क्लीव्हलंडमध्ये घंटी वाजायला लागली.