पिवळ्या टोपीतलं बाळ

पाचव्या महिन्यात आमचं बाळ गेलं. हॉस्पिटलमधून मुलुंडच्या घरी आले, पण हातापायांना स्वस्थता म्हणून नव्हती. डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं होतं. मी उठायचे, गॅलरीत जायचे, वाळत घातलेले कपडे उगाच झटकायचे आणि परत येऊन लॅपटॉप उघडायचे. ऑफिसने सुट्टी दिली होती, त्यामुळे त्यातही करण्यासारखं काही नव्हतं. मग मी बातम्यांची नेहमीची साइट उघडायचे. उजव्या कोपऱ्यात पिवळी टोपी घातलेलं एक बाळ हसत असायचं. पाळण्याची जाहिरात होती. दिवस गेल्यावर मीच हौसेने पाळणे बघत बसले होते, ते इंटरनेटच्या लक्षात राहिलं होतं. पुढचं त्याला कुणी कळवलं नव्हतं.

नवऱ्याला मी यातलं काही सांगितलं नाही. तो तेव्हा जेवण झालं की खाली सोसायटीत फेऱ्या मारायला जायचा आणि बराच वेळ वर यायचा नाही. गोळी घेतलीस का, दूध आणू का, याच्यापुढे आमचं बोलणं जात नव्हतं.

धाकट्या बहिणीला मात्र फोनवर बोलून गेले. ती रविवारी सकाळीच पार्ल्याहून आली. चपला काढता काढता म्हणाली, "ताई, आधी नाही का सांगायचंस? जाहिराती बंद करता येतात गं."

तिने ब्राउझरमध्ये एक ॲड ब्लॉकर टाकला. मग कपड्यांची साइट उघडून दाखवली, रेसिपीची दाखवली. कुठेही जाहिरात नव्हती. मला एवढं हलकं वाटलं की ती आंघोळीला गेल्यावर मी पोहे करायला घेतले. पोह्यांवर झाकण ठेवलं आणि सहज म्हणून बातम्यांचं पान उघडलं.

बाळ तिथेच होतं.

पान बंद केलं, पुन्हा उघडलं. बाळ होतंच. एक बातमी उघडून मागे आले, तरी होतं. पोहे खाली लागल्याचा वास येत होता आणि मी आपली बटणं दाबत बसले होते. मनात आलं, हे फक्त मलाच दिसतंय का?

बहीण केस पुसत बाहेर आली. मी लॅपटॉप तिच्याकडे वळवला. "इथे कोपऱ्यात तुला काय दिसतंय?"

"बाळ," ती म्हणाली आणि लगेच तिने जीभ चावली.

मला उलट बरं वाटलं. म्हणजे ते खरंच होतं.

तिने गॅस बंद केला आणि माझ्याशेजारी येऊन बसली. "हे पान तू रोज उघडतेस ना? मग ब्राउझर त्यातली चित्रं स्वतःकडे साठवून ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी पान पटकन उघडतं. ब्लॉकर बाहेरून येणाऱ्या गोष्टी अडवतो. हे चित्र बाहेरून येतच नाहीये, ते आधीच्या साठ्यातलं आहे. साठवलेलं पुसून टाकलं की जाईल. पुसू?"

"थांब," मी म्हणाले.

इतके दिवस ते दिसलं की मी नजर वळवत होते. आता पहिल्यांदा नीट बघितलं. खालच्या हिरडीत दोन दात होते. एका गालावर खळी होती. कुणाचं तरी लेकरू, फोटोसाठी हसवलेलं.

"पूस," मी म्हणाले.

तिने पान नव्याने उघडलं. कोपऱ्यात नुसती पांढरी जागा होती.

नवरा भाजीची पिशवी घेऊन दारात उभा होता. कधी आला ते आम्हाला कळलंच नव्हतं. त्याने बहिणीला विचारलं, "माझ्या फोनवर पण करता येईल का हे?"

"येईल की. तुम्हाला कसल्या जाहिराती येतात, जिजू?"

त्याने माझ्याकडे बघितलं. "त्याच."

बहिणीने त्याच्या हातातली पिशवी घेतली आणि ती आत गेली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"आपण घरी आलो तेव्हापासून. मी खाली बसून एकेक बंद करायचो. एक बंद केली की दुसरी यायची." तो खुर्चीच्या कडेवर टेकला. "मला वाटायचं, माझ्याकडे बंद झाल्या की तुझ्याकडेही बंद होतील."

"मला विचारायचंस तरी."

"काय विचारू? तुला दिसत नसतील तर उगाच कशाला, असं वाटायचं."

मी त्याचा फोन हातात घेतला, पण केलं काहीच नाही. तो खाली फरशीकडे बघत होता. मग म्हणाला, "मी बघितलं होतं गं. हॉस्पिटलमध्ये. तू शुद्धीवर नव्हतीस."

हे मला माहीत नव्हतं. दाखवू नका, असं मीच नर्सला आधी सांगून ठेवलं होतं, आणि नंतर कुणाला विचारायचा धीर झाला नव्हता.

"कसं होतं?"

"एवढंसं." त्याने तळहात पुढे केला. "कपाळ तुझं होतं."

मी त्याला ते पुन्हा सांगायला लावलं. त्याने पुन्हा सांगितलं, या वेळी थोडं जास्त.