कानवाल्या मावशींची तीन बोटं

कपबशांच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलाशी बसणाऱ्या बाईंना सगळे 'कानवाल्या मावशी' म्हणत. भट्टीतून निघालेला कप डाव्या हाताच्या तीन बोटांवर तोलायचा, लाकडी दांडीने टिचकी मारायची आणि सांगायचं, धड की तडकलेला. डोळ्यांना न दिसणारा तडाही त्या पकडत. एकतीस वर्षं हेच काम.

पण गेली दोन वर्षं मावशींना ती टिचकी ऐकूच येत नव्हती. समोरच्याचं बोलणं कळे, बारीक आवाज मात्र गेले होते. कारखान्यात कळलं तर खुर्ची गेलीच, म्हणून त्यांनी तोंडाला कुलूप घातलं होतं. तरी तक्रार एकही नाही. बोटांना कळतं, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

अशात मालकांच्या लेकीने कारभार हाती घेतला आणि तपासणीचं यंत्र आणलं. वडिलांनीही पूर्वी एक आणलं होतं, कुणाला न विचारता. कामगारांनी त्यावर इमानेइतबारे जेवणाचे डबे ठेवले. लेकीची तऱ्हा वेगळी. ती स्टूल ओढून मावशींच्या शेजारी बसली.

"मावशी, तुम्हाला जे कळतं ते याला शिकवायचंय. तुम्ही वाजवा, हे ऐकेल."

मावशींनी मान डोलावली आणि दांडी उचलली.

महिनाभर यंत्राच्या माईकने टिचक्या ऐकल्या, पण शंभरातले सात तडे त्याला काही केल्या सापडेनात. यंत्र बसवणारा इंजिनियर घायकुतीला आला. "बाईंचं नशिबाने जमत असेल," तो म्हणाला.

मावशींचं डोकं सणकलं. एकतीस वर्षं नशीब? खुर्ची गेली खड्ड्यात!

"नशीब नाही. मला टिचकी ऐकूच येत नाही, दोन वर्षं झाली. मी बोटांनी ओळखते."

मावशींनी पिशवी उचलली. लेकीने ती काढून घेतली आणि स्वतःची तीन बोटं पुढे केली. "माझ्या बोटांवर वाजवा."

धड कप, तडकलेला कप, पुन्हा धड. तासभर तिला ओ की ठो कळेना. मग एकदम ती ओरडली, "थांबा! याची थरथर मध्येच विझली!"

"बरोब्बर, ताई," मावशी म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

लेक इंजिनियरकडे वळली. "आपण नुसत्या टोपणनावावर विसंबलो. माईक काढा. कप टेकतो तिथे थरथर मोजणाऱ्या तीन खुंट्या बसवा, बोटांसारख्या."

दोन आठवड्यांनी मावशींनी धड ठरवलेला एक कप यंत्राने परत ढकलला.

"बिघडलं मेलं," म्हणत त्यांनी कप बोटांवर घेतला, डोळे मिटले. पहिली टिचकी, काही नाही. दुसरी, काही नाही. तिसरीला अगदी शेवटी थरथर केसभर अडखळली. मावशींच्या अंगावर काटा आला. एवढा बारीक तडा त्यांना जन्मात लागला नव्हता. त्या कितीतरी वेळ खुंट्यांवर बोटं ठेवून उभ्या राहिल्या, नातवाचं पहिलं पाऊल पाहावं तशा.

"अगं बाई, हे तर माझ्या पुढे गेलं!" मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे उद्यापासून मी घरी?"

"घरी?" लेकीने एक ताटली त्यांच्यापुढे सरकवली. "याला ताटल्या कोण शिकवणार?"

मावशींनी ताटली उचलली. तीन बोटं पुरेनात, म्हणून त्यांनी पाचही लावली आणि डोळे मिटून घेतले.