बेअरिंगच्या दुकानाची अपडेट

आमच्या दुकानात दाराशेजारी एक पत्र्याचं पिंप आहे. गिऱ्हाईक जुनं बेअरिंग हातात घेऊन येतं, नवं घेतं आणि जुनं त्या पिंपात टाकून जातं. टाकता टाकता ते कसं खराब झालं हेही सांगतं. पिंप भरलं की भंगारवाला घेऊन जातो. सांगितलेलं मात्र इथंच राहतं, माझ्याकडे.

मी नववीतून शाळा सोडली आणि दौंडला आप्पांच्या या दुकानात लागलो. सात वर्षं मागच्या गोडाऊनमध्ये आहे. लाइट गेलेली असली तरी हातानं चाचपून नंबर सांगीन, पण काउंटरवर उभं केलं की माझी जीभ टाळूला चिकटते. काउंटर सागरदादाचं. तो खांबाशीसुद्धा गप्पा मारेल!

अडचण अशी झाली, की यंदा आप्पांनी शिरूरला दुसरा गाळा घेतला. सागरदादाचं घरदार दौंडात, तो हलायला तयार नाही. आप्पा मला म्हणाले, "माल तुझ्याइतका कुणाला कळत न्हाई. पण तिथं तू एकटा असशील. दिवाळीपर्यंत बोलाय शीक, न्हाईतर मला दुसरा माणूस बघावा लागंल."

मला शिरूर पाहिजे होतं. पण हेसुद्धा मी त्यांना बोललो नाही.

* * *

लोक माप कशानं आणतील सांगता येत नाही. एका वाडीवरचे तात्या एकदा बांगडी घेऊन आले.

"बेअरिंग निघंना, म्हणून मापाला बांगडी आणली. बरोब्बर एवढंच हाय!"

सागरदादानं विचारलं, "तात्या, बांगडीच्या आतल्या मापाचं का बाहेरच्या?"

तात्या गोंधळले. त्यांनी घरी फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि बायकोला म्हणाले, "अगं, मापाला तुझी बांगडी आणलीय मी. आपलं बेअरिंग तिच्या आतल्या मापाचं का बाहेरच्या, जरा बघून सांग."

पलीकडून आवाज आला, "ते राहू द्या. माझ्या हातात चारच्या चार बांगड्या हायेत. तुम्ही कुणाची नेली?"

तात्यांनी बेअरिंग न घेताच गाडीला किक मारली.

* * *

बोलता येत नाही तर निदान लिहायला लाग, म्हणून आप्पांनी दुकानाचा व्हॉट्सॲप ग्रुप माझ्याकडे दिला. गिरणीवाले, गुऱ्हाळवाले, वर्कशॉपवाले, कंपन्यांचे मेंटेनन्सवाले सगळे त्यात. कोणता माल आला याची अपडेट रोज टाकायची.

पहिली अपडेट मी आठ वेळा लिहिली आणि खोडली. शेवटी टाकली: 'नमस्कार. ६२०५ आणि ६२०६ नंबरची बेअरिंगं आली आहेत. ज्यांचं जुनं नीट चालू आहे त्यांनी उगाच बदलू नये.'

सागरदादानं कपाळाला हात लावला. "आरं, ही अपडेट हाय का दुकान बंद करायची नोटीस?"

तेवढ्यात ग्रुपवर एका गिरणीवाल्यानं विचारलं, "पण माझं नीट चालू हाय का न्हाई, ते कसं कळायचं?" आणि त्यानं चालू गिरणीचा आवाजच रेकॉर्ड करून पाठवला. मग काय! संध्याकाळपर्यंत वीसेक जणांच्या मोटारी माझ्या मोबाईलमध्ये घरघरत होत्या. एकेक कानाला लावून ऐकली आणि जमेल तसं उत्तर लिहिलं.

एका रेकॉर्डिंगमध्ये मोटारीच्या मागं घरातलं जोरदार भांडण ऐकू येत होतं. त्यांना मी लिहिलं, 'बेअरिंग चांगलं आहे. दुसऱ्या आवाजाबद्दल मला काही सांगता येणार नाही.'

* * *

हे हसण्यासारखं, पण पुढचं आठवलं की अजून मान खाली जाते.

एका कंपनीचं मशीन बंद पडलं. ताबडतोब बेअरिंग पाहिजे होतं. सागरदादा जेवायला गेलेला, म्हणून आप्पांनी मला पिटाळलं. गेटवर सिक्युरिटीवाल्यानं विचारलं, "किसके पास जाना है?"

ज्या साहेबांनी बेअरिंग मागवलं, त्यांचं नाव मला आठवेना. मी बेअरिंगचा खोका दाखवला.

"अरे भाई, ये क्या है नहीं पूछा। किसके पास?"

मी परत खोकाच दाखवला. त्यानं मला बाकावर बसवलं. बसलो. दुकानात फोन करून नाव विचारावं, तर आप्पा काय म्हणतील या भीतीनं तेही केलं नाही, त्यांचे फोन आले तेही उचलले नाहीत. आत मशीन बंद, साहेब दुकानात फोनवर फोन करतायत, आणि बेअरिंग गेटवर माझ्या मांडीवर!

तासाभरानं साहेब स्वतःच बाहेर आले. आप्पा रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. एवढंच म्हणाले, "दिवाळी जवळ आली बरं का."

* * *

मग बहिणीच्या लग्नासाठी सागरदादानं आठवड्याची सुट्टी घेतली. आप्पांनी मला काउंटरवर उभं केलं आणि स्वतः खुटबावला शेतावर गेले. दुकानातला कॅमेरा त्यांच्या मोबाईलवर दिसतो, पण आवाज येत नाही.

पहिल्या दिवशी संध्याकाळी फोन आला. "दिवसभर बघत होतो, तुझं तोंड किती येळा हलतंय."

मी घाबरत विचारलं, "किती?"

"दोनदा. त्यातल्या एका येळी तू चहा पीत व्हतास!"

* * *

आठवड्याचा शेवटचा दिवस. दुकानात तीन-चार गिऱ्हाइकं. पिठाची गिरणी चालवणाऱ्या एक मावशी तरातरा आल्या आणि काउंटरवर बेअरिंग आपटलं.

"चार महिन्यांत तिसरं हाय हे! तुमचा मालच डुप्लिकेट!"

मला काही म्हणाल्या असत्या तर मी ऐकून घेतलं असतं. पण मालाला म्हणाल्या.

"माल डुप्लिकेट नाही," मी म्हणालो. माझा मलाच आवाज मोठा वाटला. "मावशी, तुम्ही हे बसवता कसं?"

"कसं म्हंजी? आमचं मालक बसवायचे तसंच. आता ते न्हाईत, तर मी बसवते. हातोडीनं!"

"हातोडी कुठं मारता?"

त्यांनी बाहेरच्या रिंगवर बोट ठेवलं.

मी शाफ्टच्या दांड्याचा एक तुकडा काढला, पिंपातलं एक बेअरिंग त्यावर ठेवलं आणि हातोडी उचलली. "असं बाहेर मारलं, की सगळा मार आतल्या गोळ्यांवर बसतो. त्या घायाळ होतात आणि महिन्यानं आवाज करायला लागतात." मग पाइपचा तुकडा आतल्या रिंगवर टेकवून त्यावर ठोकलं. "आता बघा. गोळ्यांना धक्कासुद्धा नाही."

बाकीची गिऱ्हाइकंही जवळ आली. "आरं, आम्ही बी तसंच ठोकतोय की! परत दाखव." मी परत दाखवलं. मग अजून एकदा. मग एकेकानं स्वतः ठोकून बघितलं, त्यात पाऊण तास गेला. खिशात फोन वाजत होता, मला पत्ता नाही.

तिकडं खुटबावात आप्पांना मोबाईलवर एवढंच दिसलं होतं, की एक बाई माझ्यावर ओरडतेय आणि मी तिच्यासमोर हातोडी उगारलीय! हातातलं काम टाकून त्यांनी गाडी काढली.

मला ते नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसलं, की कुणीतरी हेल्मेटवाला धापा टाकत घोळक्याच्या मागं येऊन उभा राहिलाय.

"मामा, जरा पुढं या," मी म्हणालो, "तिथून दिसणार नाही."

हेल्मेटवाला निमूट पुढं आला. मी चौथ्यांदा सगळं पहिल्यापासून सांगितलं. तो शेवटपर्यंत ऐकत उभा होता. मग त्यानं हेल्मेट काढलं, आणि माझी हातोडी हवेतच राहिली.

आप्पांनी माझ्याकडे बघितलं, हातोडीकडे बघितलं. मग मावशींकडे वळून विचारलं, "कुठल्या गावच्या तुम्ही?"

"न्हावऱ्याची."

"मग एवढ्या लांब दौंडला कशाला येता? दिवाळीपासनं शिरूरला जात जा."